बोटीचं सेल्फ घेत नाही, फक्त 'टक' आवाज येतो, बॅटरी १२.६ दाखवते

बॅकवॉटर_पानशेत

नमस्कार मंडळी. पानशेतच्या बॅकवॉटरला असलेल्या एका बोटीच्या स्टार्टिंगचा प्रश्न आहे. बोट १८ फुटी, फायबरची. मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, कार्ब्युरेटरवालं, सीडीआय इग्निशन, इलेक्ट्रिक स्टार्ट, बाजूला रिमोट कंट्रोल बॉक्स. पावसाळाभर बोट काठावर झाकून होती.

आता किल्ली फिरवली की बहुतेक वेळा इंजिनाच्या हुडातून एकच 'टक' येतो आणि पुढे काही नाही. पुन्हा पुन्हा किल्ली मारली की मधूनच सेल्फ घेतं, पण इतकं मंद की इंजिन पकडत नाही. दोरीने ओढलं की मात्र लगेच सुरू होतं, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठीक असावेत.

बॅटरी गाडीचीच, १२ व्होल्ट ६५ एएच, गेल्या वर्षीची. रात्रभर चार्ज करून काढली की मीटर १२.६ दाखवतो. बोटीचा तोल राहावा म्हणून ती पुढच्या बाकाखाली ठेवली आहे. त्यामुळे इंजिनाची मूळ दोन मीटरची केबल पुरत नाही आणि पुढे साडेतीन मीटर केबल जोडलेली आहे, १६ स्क्वेअर एमएमची. पॉझिटिव्हचा जोड मागच्या बॅटरी स्विचवर आहे. निगेटिव्हचे दोन थिंबल (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या रिंगा) एकमेकांना बोल्टने आवळून वर टेप गुंडाळली आहे. बॅटरीची टर्मिनल घासून व्हॅसलीन लावलं, फरक पडला नाही.

गावातल्या मेकॅनिकच्या मते सेल्फ मोटर गेली, नवी टाका. किंमत बघता आधी खात्री करायची आहे. काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

मीटर_आधी

मोटर आत्ता घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मोटर दोषी असण्याची शक्यता आहे, पण ती यादीत बरीच खाली आहे.

१२.६ हा आकडा बॅटरी निवांत असतानाचा आहे. त्यावरून ती भरलेली आहे एवढंच कळतं. सेल्फ फिरताना या आकाराचं इंजिन शंभर अँपिअरच्या वर ओढतं, आणि तेवढा करंट वाहत असताना कुठल्या जोडावर किती व्होल्ट खर्च होतात हे बघायचं असतं. ओहमच्या रेंजवर केबल तपासून उपयोग नाही. एखाद्या जोडाचा रोध ०.०२ ओहम असेल तर साधा मल्टिमीटर त्याला शून्यच म्हणेल, पण शंभर अँपिअरला तिथे २ व्होल्ट गळतात आणि सेल्फ अर्धमेलं होतं. म्हणून तपासणी चालू करंटवर, व्होल्टच्या रेंजवरच करायची.

सुरुवातीला किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढून ठेवा. तुमच्यासारख्या बहुतेक टू-स्ट्रोकमध्ये क्लिप नसताना फक्त स्पार्क बंद होतो, सेल्फ फिरतंच. म्हणजे इंजिन सुरू न होता हवं ते मोजता येतं आणि पाण्याबाहेर कोरडं चालून पंपाचा इंपेलरही जळत नाही. गिअर न्यूट्रलला. पेट्रोलची टाकी बोटीतून बाहेर काढा, बाकाखालची झाकणं उघडून हवा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिथेच तुम्ही वायरी हलवणार आहात.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक जण किल्ली स्टार्टला धरेल, दुसरा वाचेल. एका वेळी फार तर पाच-सात सेकंद, मग निदान दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर मोटरचं वाइंडिंग तापतं.

पहिलं माप: मीटरची दोन टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवा, थिंबलवर किंवा क्लँपवर नाही. किल्ली मारल्यावर व्होल्टेज १० च्या खाली घसरलं तर आधी बॅटरीकडे बघायचं (किंवा आत काहीतरी जाम होऊन मोटर प्रचंड करंट ओढत असेल). ११-१२ वर टिकून राहिलं आणि सेल्फ तरी फिरत नसेल, तर बॅटरी निर्दोष ठरत नाही, पण करंट वाटेत कुठेतरी अडतोय हे नक्की.

दुसरं माप: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फ मोटरवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. किल्ली मारली की मीटर जे दाखवेल ती पॉझिटिव्ह बाजूची गळती. स्विच आणि सोलेनॉइड (किल्ली फिरवल्यावर मोटरचा मोठा करंट जोडणारा रिले, 'टक' त्याचाच) धरून तुमच्या लांबीला ०.७ पर्यंत चालवून घ्या. इंजिनाजवळच्या बॅटरीला मी ०.५ च्या वर सोडणार नाही.

तिसरं माप सगळे विसरतात: निगेटिव्ह खुंटी ते मोटरचं धातूचं अंग. रंग खरवडून चकचकीत जागेवर टोक टेकवा. इथे ०.३, तुमच्या लांबीला फार तर ०.५.

हे तीन आकडे आणि शक्य असेल तर करंट इथे लिहा. करंटसाठी डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो. साधे क्लँप मीटर फक्त एसी मोजतात, उसना घेताना बघून घ्या.

गॅरेज_नाना_पेठ

एवढं मोजण्याआधी साधी चाचणी आहे. सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने जोडा. सेल्फ जोरात फिरलं तर सोलेनॉइड गेला. नाही फिरलं तर मोटर काढून कार्बन (आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, वीज देणारे घासते तुकडे) बघा. नाना पेठेत कार्बनचे सेट मिळतात, मापाला घासून बसवता येतात.

मीटर_आधी

स्क्रू-ड्रायव्हरची चाचणी ट्रॅक्टरवर, उघड्या शेतात ठीक आहे. बोटीवर करू नका. शंभर अँपिअरची ठिणगी पेट्रोलच्या वाफेजवळ पडते, शिवाय बोल्टचे आटेही जळतात. सोलेनॉइडवर तोच निकाल मीटरने मिळतो: किल्ली मारताना दोन जाड बोल्टांमधलं व्होल्टेज बघा. ०.२ च्या आसपास असेल तर आतले काँटॅक्ट ठीक. टक होऊनही तिथे १२ व्होल्ट दिसत राहिले तर कॉइल खेचतोय पण तांब्याची चकती जळलेली आहे, सोलेनॉइड बदला.

दुसरं म्हणजे निगेटिव्ह केबलमध्ये दोष असेल तर स्क्रू-ड्रायव्हर लावूनही सेल्फ फिरणार नाही आणि चांगली मोटर उगाच उघडली जाईल.

कार्बनबद्दल सहमत. मोटरच्या बोल्टवर पूर्ण व्होल्टेज पोचतंय, अर्थ (निगेटिव्ह बाजू) पण ठीक आहे आणि तरी ती गप्प असेल, तर कार्बन घासलेत किंवा आर्मेचर गेलंय. मोटरच्या अंगावर हलका ठोका दिल्यावर ती फिरली, तर बहुधा कार्बनच.

बॅकवॉटर_पानशेत

मापं घेतली. डीसी क्लँप मीटर मिळाला.

निवांत १२.६२. किल्ली मारताना, सेल्फ मंद फिरत असतानाचे आकडे: बॅटरीच्या खुंट्यांवर ११.३, पॉझिटिव्ह बाजू ०.६५, निगेटिव्ह बाजू ३.१, करंट साधारण ८० अँपिअर. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये ०.१. नुसता टक येतो तेव्हा निगेटिव्ह बाजूचा आकडा ९ च्या वर जातो.

मीटर_आधी

मग सापडलंच. ११.३ मधून ०.६५ आणि ३.१ वजा केले की मोटरला मिळतात जेमतेम साडेसात व्होल्ट. एवढ्यावर ती मंदच फिरणार. आणि टकचं कारण असं की सोलेनॉइडच्या कॉइलला थोडासाच करंट लागतो, तो खराब जोडातूनही जातो. काँटॅक्ट मिटून मोटरने शंभर अँपिअर मागितले की जोडावरच सगळं व्होल्टेज खर्च होतं.

आता निगेटिव्ह बाजूचे तुकडे पाडा. मीटर तसाच, किल्ली तशीच, फक्त टोकं सरकवत न्या: खुंटी ते तिच्यावरचं थिंबल, मग पुढच्या केबलची दोन टोकं, मग टेपखालच्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे, मग इंजिनाची मूळ केबल, शेवटी इंजिनावरचा अर्थ बोल्ट. सगळ्यांची बेरीज ३.१ यायला हवी. १६ स्क्वेअरची साडेतीन मीटर निरोगी केबल ८० अँपिअरला ०.३ च्या आसपास घेते. त्याहून जास्त जिथे दिसेल तो दोषी. माझी नजर टेपवर आहे. किल्ली सोडल्या सोडल्या तिथे हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घ्या, गरम लागेल.

वायरमन_भोसरी

टेपचा जोड बोटीच्या तळाशी असेल तर तो खराब होणारच. धरणाचं पाणी गोडं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात. समुद्रापेक्षा गंज हळू चढतो हे खरं, पण टेपखाली ओल अडकते आणि बाहेर पडत नाही. पावसाळाभर झाकलेल्या बोटीत ती महिनोन्महिने राहते. थिंबलच्या तोंडातून पाणी केशाकर्षणाने केबलमध्ये चढतं आणि इन्सुलेशनखालचं तांबं आतल्या आत काळं पडतं. बाहेरून केबल नवी दिसते.

बॅकवॉटर_पानशेत

तुकड्यांचे आकडे: खुंटी ते थिंबल ०.०३, पुढची केबल ०.३, टेपचा जोड २.५, इंजिनाची केबल ०.२, अर्थ बोल्ट ०.०८. टेप खरंच गरम होती. काढली तर आत हिरवं-पांढरं पीठ, आणि दोन थिंबलांच्या मध्ये एक स्टीलचा वॉशर. पुढच्या केबलचं टोक सोललं तर बोटभर तांबं काळं आहे. जोड घासून पुन्हा आवळू की केबलच बदलू?

वायरमन_भोसरी

२.५ व्होल्ट गुणिले ८० अँपिअर म्हणजे त्या जोडात २०० वॉट जळत होते. टेप वितळली नाही ती सेल्फ काही सेकंदच चालतं म्हणून.

तो वॉशर काढाच. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक आहे. थिंबल थेट थिंबलला किंवा बोल्टाच्या पाट्याला भिडलं पाहिजे, वॉशर आणि नट त्याच्या वर. एका बोल्टवर अनेक वायरी असतील तर सेल्फची जाड केबल सगळ्यात खाली, बारीक रिंगा तिच्या वर. बोटीच्या बॅटऱ्यांवर हाताने फिरवायचे पंखवाले नट असतात, तेही काढून नायलॉक नट लावा. लाटांच्या हादऱ्याने पंखवाले नट सैल होतात.

केबल बदला. काळं पडलेलं तांबं घासून सरळ होत नाही, त्यावर केलेलं पंचिंग (थिंबल दाबून बसवणं) वर्षभरात पुन्हा धोका देतं. बदलताय तर १६ ऐवजी ३५ स्क्वेअर घ्या, दोन्ही बाजूंना. साडेतीन मीटरला रोध अर्ध्याहून कमी होतो. टिन केलेल्या तांब्याची मरीन केबल मिळाली तर उत्तम, ओलीत ती खूप टिकते. नाही मिळाली तर बारीक तारांची मऊ तांब्याची केबल. इथे सावध राहा: वेल्डिंग केबल म्हणून आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमचीही विकली जाते, आणि गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या स्वस्त केबल बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. टोक कापून, एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर परत करा. तपकीर गल्लीत किंवा बोहरी आळीत घेत असाल तर हे दुकानातच बघून घ्या.

थिंबल टिन केलेल्या तांब्याचं, बोल्टच्या मापाचं. हातोडीने ठोकून बसवू नका आणि फक्त सोल्डरवर भागवू नका. सोल्डर जिथे संपतं तिथे केबल कडक होते आणि हादऱ्याने तारा तिथेच तुटतात. हायड्रॉलिक पंचिंग टूल हवं. भोसरीत पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ते असतं, केबल मापून कापून नेलीत तर चार थिंबलं तिथल्या तिथे पंच करून मिळतील. पंचिंगनंतर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह, थिंबलच्या मानेपासून इन्सुलेशनवर इंचभर जाईल अशी. गरम केल्यावर काठातून डिंक बाहेर दिसला पाहिजे. तो दिसला की पाणी आत जायची वाट बंद झाली.

आणि जोड हवेत लोंबकळता ठेवू नका. इन्सुलेटेड बेसवरचा बोल्ट मिळतो (जंक्शन स्टड म्हणा), तो मागच्या फळीवर, तळाच्या पाण्यापासून जितका उंच बसेल तितका उंच स्क्रूने बसवा. इंजिनाची केबल एकीकडून, पुढची दुसरीकडून, नट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी नाही. केबलला दर ४५ सेंमीवर क्लिप, आणि जिथे फायबरच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. सेल्फच्या मुख्य केबलला सहसा फ्यूज नसतो, त्यामुळे ती कुठे घासली तर सरळ आग लागते.

मुळशी_टिलर

याच विषयाला धरून विचारतो. आमच्या बोटीवर टकही येत नाही. किल्ली फिरवली की पूर्ण शांतता. गिअरचा दांडा थोडा हलवला की कधी कधी सेल्फ घेतं. हेच तपासायचं का?

मीटर_आधी

नाही, तुमचा दोष बारीक वायरींच्या बाजूला आहे. टक नाही म्हणजे सोलेनॉइडच्या कॉइलपर्यंत वीजच पोचत नाही. तिचा मार्ग असा: बॅटरी, इंजिनावरचा मुख्य फ्यूज, मोठा हार्नेस प्लग (वायरींच्या जुडग्याचा), किल्लीचा स्विच, रिमोट बॉक्समधला न्यूट्रल स्विच, परत प्लग, सोलेनॉइड. दांडा हलवल्यावर सेल्फ घेतं म्हणजे न्यूट्रल स्विच किंवा त्याला दाबणारी कॅम सरकलेली आहे. स्टार्टची वायर यामाहात तपकिरी असते, मर्क्युरीत पिवळ्यावर लाल पट्टी. सोलेनॉइडच्या दोन बारीक वायरींमध्ये मीटर लावा, किल्ली मारा. १२ व्होल्ट आले आणि टक नाही, तर कॉइल गेलाय. व्होल्टेज आलंच नाही, तर बॉक्स उघडून न्यूट्रल स्विचच्या दोन वायरींत कंटिन्युइटी बघा: न्यूट्रलला बीप, गिअरमध्ये गप्प.

तो स्विच बायपास करून वापरू नका. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू झालं तर बोट उसळी मारते आणि उभा असलेला माणूस पाण्यात, पंख्याच्या बाजूला पडतो. स्विच स्वस्त असतो, बदलून घ्या.

फ्यूज उडालेला सापडला तर त्याच अँपिअरचा टाका, आणि पुन्हा उडाला तर मोठा टाकू नका. हार्नेसची वायर कुठेतरी घासून अर्थ होतेय.

बॅकवॉटर_पानशेत

३५ स्क्वेअरची तांब्याची केबल, पंचिंग, जंक्शन स्टड, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सेल्फ आता एका झटक्यात घेतं. मनापासून आभार. नवे आकडे: पॉझिटिव्ह ०.७, निगेटिव्ह ०.५, करंट १२० अँपिअर. एक गोष्ट कळली नाही. किल्ली मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर आधी ११.३ दिसायचे, आता १०.६ दिसतात. बॅटरी बिघडली का?

मीटर_आधी

बिघडली नाही. आधी जोडाने करंट ८० वर अडवून ठेवला होता, आता मोटरला हवा तेवढा मिळतोय, म्हणून बॅटरीवरचा भार वाढला. मोटरला आता ९.४ व्होल्ट मिळतात, आधी साडेसात मिळत होते, हा आकडा महत्त्वाचा.

पण बॅटरीची थोडी चौकशी कराच. १२० अँपिअरला दोन व्होल्ट पडणं हे ६५ एएचच्या निरोगी बॅटरीला जास्त आहे. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता बघा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी पुढचा पावसाळा काढणार नाही. सगळे सारखेच खाली असतील तर बहुधा सल्फेशन (प्लेटांवर शिसे-सल्फेटचा थर) आहे, बंद बोटीत उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याचं. मंद चार्जरवर, पाच अँपिअरच्या आत, पूर्ण भरून बघा. नवी घ्यायची वेळ आलीच तर इन्व्हर्टरची ट्यूब्युलर घेऊ नका. ती तासन्‌तास थोडा करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फचा एकदम मोठा करंट द्यायला नाही.

आणि इंजिन सुरू झाल्यावर, पाण्यात, २५०० आरपीएमच्या आसपास खुंट्यांवर मीटर लावा. १३.५ ते १४.५ यायला हवं. १२.५ वरच अडकलं तर चार्जिंग होत नाही: रेक्टिफायर (इंजिनाचा एसी करंट डीसी करणारा भाग) सोडवून मीटरच्या डायोड रेंजवर प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासा. एका दिशेला ०.४ ते ०.७, उलट दिशेला काहीच नाही, हे बरोबर. १५ च्या वर जात असेल तर त्या इंजिनाला रेग्युलेटर नाही किंवा तो गेलाय, अशा वेळी सीलबंद बॅटरी फुगते. इंजिन चालू असताना बॅटरी स्विच कधीच बंद करू नका, रेक्टिफायरचे डायोड त्याच क्षणी जातात. बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या तरी तेच होतं. तुमच्या नव्या केबल दोन्ही काळ्या असतील, तर पॉझिटिव्हच्या दोन्ही टोकांना आजच लाल स्लीव्ह चढवून घ्या.